मैदान वाढवा, खेळ आपोआप आटोपेल

प्रभागातल्या क्रीडांगणाचं विस्तारीकरण करायचं ठरवलंत? अभिनंदन. आता काहीही झालं तरी संध्याकाळी सहाला मैदानावर फिरकू नका. तिथे कबड्डीची पोरं असतात, आणि ती न विचारताच सांगून टाकतात की आम्हाला चाळलेली माती, पाण्याचा नळ आणि दोन दिवे हवेत. एवढ्यात भागलं तर अंदाजपत्रक फुगायचं कसं?

विस्तार म्हटला की लोकांना वाटतं, शेजारची जागा घेणार. त्या भानगडीत पडूच नका. शेजारचा भूखंड विकास आराखड्यात दवाखान्यासाठी राखीव असला, तर आरक्षण बदलायला नगररचना अधिनियम १९६६ चं कलम ३७ लावावं लागतं. मग नोटीस, महिनाभर हरकती-सूचना, सुनावणी, शेवटी शासनाची मंजुरी. तोवर तुमची नगरसेवकपदाची मुदत संपते. त्यापेक्षा आहे त्याच दीड एकरात विस्तार करा.

चारशे मीटरचा ट्रॅक मात्र जाहीर कराच. आठ लेनच्या प्रमाणित ट्रॅकला १७७ बाय ९३ मीटर, म्हणजे चार एकरांहून जास्त जागा लागते, हे सभेत कोणी बोलत नाही. तुमचं मैदान १०० बाय ६०. भिंतीला भिंत लावून धावलं तरी फेरी ३२० मीटरची, तीही चार काटकोनांसकट. कडेने पेव्हर ब्लॉक बसवा आणि ‘जॉगिंग ट्रॅक’ अशी पाटी लावा. खालचा मुरूम दाबू नका; पहिल्या पावसात ब्लॉकखालची वाळू वाहून जाईल, ब्लॉक खालीवर होतील आणि धावणाऱ्यांना अडथळ्यांच्या शर्यतीचाही सराव होईल.

खरी कमाई कोर्टात आहे. बास्केटबॉलचं कोर्ट २८ बाय १५ मीटर. त्याची लांबी उत्तर-दक्षिण ठेवायची असते, नाहीतर संध्याकाळी एका संघाच्या डोळ्यांत थेट सूर्य. पण तसं ठेवलं तर कोर्ट प्रवेशाच्या कमानीतून दिसत नाही. तुम्ही ते पूर्व-पश्चिमच घ्या. फोटो छान येतो.

खाली काळी माती असेल तर ती काढून १५-१५ सेंटीमीटरच्या थरांत मुरूम भरायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, असं जाणकार सांगतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं काँक्रीट सोबत नेते. पण मातीखालचं काम फोटोत कुठे येतं? काँक्रीटखाली ओल अडवणारा प्लॅस्टिकचा कागद नको, शंभर सेंटीमीटरला एक सेंटीमीटर उतारही नको. पाणी जिथे साचेल तिथे साचो. काँक्रीट ओतल्यावर २८ दिवस थांबून मगच अ‍ॅक्रिलिकचा रंग लावतात. तुम्हाला आचारसंहितेआधी उद्घाटन उरकायचंय, तेव्हा दहाव्या दिवशीच लावा. आतला ओलावा वर येईल आणि निळ्या रंगाला पापडासारखे फुगे धरतील. टाचेने दाबले की आधी लवतात, मग फुटतात, आणि खाली राखाडी काँक्रीट दिसतं. लहान मुलांना हा खेळ बास्केटबॉलपेक्षा जास्त आवडतो.

कबड्डीला १३ बाय १० मीटर लागतात, खो-खोला २७ बाय १६. दोन्हींना निविदेत मिळवण्यासारखं काही नाही: माती, चुना, दोन खांब. त्या जागी ओपन जिम आणि शहराच्या नावाचा सेल्फी पॉइंट घ्या. हायमास्टचे उंच खांबावरचे दिवे कमानीवर रोखा. स्वच्छतागृह नकाशात दाखवा, पुरे. देखभालीची तरतूद कोणी विचारलीच, तर ‘लोकसहभागातून’ म्हणा.

राहिला उद्घाटनाचा मांडव. तो नव्या कोर्टावरच घाला, जमीन सपाट मिळते. मंडपवाल्याला वाळूच्या गोण्या आणायला सांगू नका. त्याच्याकडे पहार असते, बांबूमागे एक फूटभर भोक पाडून तो तासाभरात मोकळा होतो. पाहुणे गेले की भोकं मोजून ठेवा. पुढच्या अंदाजपत्रकात ती ‘विस्तारीकरण, टप्पा दोन’ या शीर्षाखाली बसतात.