व्याजाला मर्यादा आणि जमिनीला विश्रांती

कर्जमाफी दिली की शेतकऱ्याची परतफेडीची सवय मोडते, हे गावाकडच्या ग्रुपवर दर निवडणुकीला ठासून सांगितलं जातं. मी बर्मिंगहॅमला राहतो. १६ मे १९९८ ला इथे जी-८ देशांची बैठक चालू होती, तेव्हा सुमारे ७०,००० माणसं हातात हात धरून शहरभर उभी राहिली. गरीब देशांची न फिटणारी कर्जं माफ करा, एवढीच मागणी. चर्चची मंडळी त्यात पुढे होती. त्यांचा आधार बायबलमधल्या लेवीय २५ चा: पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाला परत, आणि त्याच अध्यायात दर सातव्या वर्षी जमीन पडीक. कर्जदाराची सुटका आणि मातीची विश्रांती एकाच दमात सांगितली आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

इथलंही सगळं सरळ नाही. रोमेनियाचं झांबियाकडे असलेलं जुनं कर्ज एका फंडाने सुमारे ३३ लाख डॉलरला विकत घेतलं आणि २००७ मध्ये लंडनच्या कोर्टातून दीड कोटी डॉलरच्या वर रक्कम मिळवली. त्यावर आरडाओरड झाली, २०१० मध्ये संसदेने कायदा करून अशा वसुलीला लगाम घातला.

आपल्याकडे तर दामदुपट होतं! थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करायचं नाही, हा धर्मशास्त्राचा नियम मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही पाळला. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. मात्र व्याज मुद्दलात मिसळून नवा कागद केला की दामदुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मार्चअखेरीला सोसायटीत आपण 'नवं-जुनं' करतो ना, तेही त्याच वाटेचं: चार दिवसांसाठी सावकाराचे हातउसने घ्यायचे, जुनं भरायचं, नवं उचलायचं. सातबाऱ्यावरचा बोजा हलत नाही.

आणि हे पीककर्ज कशावर मिळतं? हेक्टरी उसाला ज्वारीपेक्षा कितीतरी जास्त. मग ऊस लावायचा, त्यासाठी बोअर आणखी खोल न्यायचा. वसुली शेवटी भूजलातून होते, पण परतफेडीच्या सवयीवर बोलणारा त्याचा हिशेब कधी मांडत नाही. नुसती माफी देऊनही हे थांबणार नाही. ज्वारी-तुरीला उसाच्या तोडीचं कर्ज हवं, आणि ही मागणी आषाढीला पंढरपुरात दिंड्यांनी सरकारपुढे ठेवावी. तिथे येणाऱ्यांत कर्जदार शेतकरीही पुष्कळ असतात.