गावाला पैसे दिले म्हणजे नक्की कोणाला दिले?

परवा एका ओळखीच्या माणसाचा फोन आला, कंपनीत सीएसआर, म्हणजे कंपनीने समाजकामावर खर्च करायचा पैसा, बघतो तो. म्हणे यावर्षी पाण्यावर खर्च करायचाय, काहीतरी 'कम्युनिटी लेड', म्हणजे गावानेच ठरवून केलेलं, सुचव ना, बजेट मार्चच्या आत संपवायचंय. मी म्हटलं अरे आमच्याकडे पाणी पण मार्चच्या आतच संपतं. तो हसला. फोन ठेवल्यावर डोक्यात जे सुरू झालं ते इथे लिहितेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

मी माणची. माण तालुका, जिल्हा सातारा. सातारा म्हटलं की लोकांना महाबळेश्वर आठवतं, स्ट्रॉबेरी आठवते. एकाच जिल्ह्यात तिकडे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्याकडे पाचशेच्या आसपास, तोही आला तर, आणि हल्ली येतो तेव्हा तीन तासात सगळा एकदम येतो, बांध फोडून माती घेऊन जातो आणि मग पुन्हा महिनाभर गायब.

तर मी सात वर्षं एका संस्थेत प्रपोजल लिहायचं काम केलंय. चांगली लिहायचे, पैसे यायचे. त्यात एक कॉलम असतो, 'लाभार्थी संख्या'. तिथे आम्ही काय करायचो, जनगणनेतली गावाची लोकसंख्या उचलून टाकायची. बंधारा ओढ्यावर, ओढा गावात, गाव अठराशे माणसांचं, लाभार्थी अठराशे! कोणी विचारलं नाही, मलाही कधी खटकलं नाही.

मग एकदा दोन वर्षांनी अशाच एका बंधाऱ्यावर 'इम्पॅक्ट स्टोरी' लिहायला गेले. बंधारा मजबूत, देणगीदाराच्या नावाचा बोर्ड झकास. शेजारी एक म्हातारी शेरडं घेऊन बसलेली, तिला विचारलं आज्जी फायदा झाला का. म्हणाली, "झाला की. त्या बंधाऱ्यानं आण्णाचा ऊस लय भारी आला बगा." मला आधी वाटलं टोमणा मारतेय, पण ती सरळ सांगत होती. बंधाऱ्यात अडलेलं पाणी जमिनीत मुरलं, मुरून आण्णाच्या विहिरीला उतरलं, आण्णाची मोटर साडेसात हॉर्सपॉवरची. आणि विहिरीचं पाणी ज्याची जमीन त्याचं, हे १८८२च्या इंग्रजांच्या कायद्यापासून चालत आलंय, आपण नंतर कायदे केले तरी व्यवहारात तेच. वरच्या वस्तीच्या बायका दोन वर्षांपूर्वी जिथे हंडा घेऊन जात होत्या तिथेच जात होत्या. म्हणजे अठराशे माणसांच्या नावावर आलेले पैसे एका माणसाच्या उसाला गेले, आणि ते प्रपोजल मी लिहिलेलं होतं. आण्णाने काही चोरलं नाही हां. त्याने फक्त मोटर चालू केली.

त्यामुळे आता कोणी 'गावाला पैसे द्या, गाव ठरवेल' म्हटलं की माझ्या पोटात गोळाच येतो. गाव म्हणजे कोण? सरपंच, दोन मोठ्या भावक्या, सोसायटीचे चेअरमन. हे चावडीवर बसून ठरवणार आणि आपण अहवालात 'लोकसहभाग' लिहिणार. ग्रामसभेत बायका असतात ना, पार देवळाच्या भिंतीला टेकून, पदर सावरत. ठराव वाचून होतो, रजिस्टर फिरतं, सही करतात.

आता गंमत अशी की या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे पन्नास वर्षांपूर्वीच एकाने देऊन ठेवलंय आणि आपण ते विसरून गेलोय. विलासराव साळुंखे. पुण्यात कारखाना चालवणारे इंजिनियर, १९७२च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले, नायगावला देवस्थानची चाळीसेक एकर माळरान जमीन खंडाने घेतली, तिथे पाणी अडवून दाखवलं आणि मग पाणी पंचायत उभी केली. पाणी पंचायतीचं नाव सगळ्यांना माहितेय, पण तिचे नियम वाचलेत का कोणी? पाणी जमिनीच्या हिशोबाने नाही, घरातल्या माणसांच्या हिशोबाने. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. तुमची वीस एकर असेल तर असू द्या. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी तिच्याबरोबर पाण्याचा हक्क विकला जाणार नाही.

आणि पैशाची मांडणी बघा. योजनेचा २० टक्के खर्च शेतकऱ्यांनी स्वतः आधी भरायचा, ५० टक्के सरकारी अनुदान, उरलेले ३० टक्के साळुंखेंच्याच ग्राम गौरव प्रतिष्ठान या संस्थेकडून बिनव्याजी. माझ्या दृष्टीने यातली खरी गोष्ट टक्केवारी नाहीच. वाटपाचा नियम आधी आणि पैसा नंतर, हा क्रम खरा. आपण सगळे आता उलटं करतो, पैसा आधी, जेसीबी आधी, उद्घाटन आधी, आणि पाणी आल्यावर बघू म्हणतो. पाणी आल्यावर कोणी बघत नसतं, ज्याची मोटर मोठी तो घेऊन जातो.

सांगलीच्या बाजूला तर याहून भारी झालंय. खानापूर तालुक्यात येरळा नदीवरचं बळीराजा धरण, ऐंशीच्या दशकातलं. बळवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी आपल्याच नदीतली थोडी वाळू विकून त्या पैशातून धरण बांधायला घेतलं, ठेकेदार वाळू उपसून नेतात तर आम्हीच का नाही म्हणून सरकारशी भांडून. आणि पाणी प्रत्येक घराला सारखं, भूमिहीनांना पण. 'समन्यायी पाणीवाटप' हा शब्द त्या भागातल्या चळवळीने आपल्या तोंडात बसवला. आता तोच शब्द इंग्रजीत 'वॉटर इक्विटी' होऊन पुण्याच्या हॉटेलातल्या वर्कशॉपला परत आलाय, सोबत जेवण आणि जूटची पिशवी. असो. तो माझा जुना राग आहे, सोडून द्या.

अटल भूजल या सरकारी योजनेत गावोगाव पाण्याचा ताळेबंद मांडला, चावडीवर बोर्ड रंगवले, पाऊस किती, वापर किती, तूट किती. हे चांगलंच झालं, मी नाव ठेवणार नाही. पण तो बोर्ड एवढंच सांगतो की गावात पाणी किती. कोणाच्या वाट्याला किती, ते त्यावर नसतं, आणि भांडण सगळं तिथेच आहे. शेततळ्याचंही तेच. पावसाचं पाणी साठवायला म्हणून अनुदान मिळतं आणि कित्येक ठिकाणी बोअरचं पाणी उपसून प्लॅस्टिकच्या तळ्यात भरून ठेवतात. म्हणजे सगळ्यांच्या जमिनीखालचं वर आणून एकाच्या तळ्यात, बरंचसं उन्हाने उडून जायला. आणि ज्याला जमीनच नाही तो शेततळं कुठे खोदणार, अंगणात?

आता देणाऱ्यांकडून बघा. समजा एखाद्या कंपनीला मनापासून वाटलं की थेट वस्तीच्या बायकांना पैसे द्यावेत. त्यांच्या गटाला पैसे देऊन काम सोपवता येत नाही! १ एप्रिल २०२१ पासून कंपनीसाठी सीएसआरचं काम करणाऱ्या संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते, त्याच्या आधी आयकराच्या १२ए, ८०जी नोंदण्या, ट्रस्ट किंवा सोसायटी, ऑडिट. हे सगळं वस्तीवरचा बचत गट कुठून आणणार? परदेशातून येणाऱ्या पैशाचं तर विचारूच नका. आधी मोठी संस्था निधी घेऊन पुढे छोट्या संस्थांना वाटू शकायची, एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या २०२०च्या दुरुस्तीने ते बंद झालं. पैसे खाणारी मंडळी होती, मान्य आहे, मी स्वतः पाहिलीयेत. पण पाटाचं दार बंद केलं की शेवटच्या सऱ्या आधी वाळतात. मधल्या मोठ्या संस्था टिकल्या, कारण त्यांच्याकडे सीए आहे आणि माझ्यासारखी प्रपोजल लिहिणारी माणसं आहेत.

आणि जगात काय चाललंय, तर २०२२ला इजिप्तच्या हवामान परिषदेत ठरलं की हवामान बदलाने ज्यांचं नुकसान होतंय त्यांच्यासाठी फंड करायचा, २०२३ला दुबईत तो पहिल्याच दिवशी मंजूर झाला, टाळ्या झाल्या, फंड ठेवला जागतिक बँकेकडे. आता जागतिक बँकेपासून आमच्या वरच्या वस्तीपर्यंत मध्ये किती कॉलम भरावे लागतील याचा हिशोब मी गंमत म्हणून केला आणि सोडून दिला. त्या वस्तीवरच्या जिने आयुष्यात एसीची हवा खाल्ली नाही, जिच्या घरात एक बल्ब आणि एक फॅन, तिने तापमान किती वाढवलं असेल? आणि नुकसानीचा पुरावा पण तिनेच द्यायचा, जिओटॅग फोटोसकट.

बरं, नुसता राग काढून काय होणार, म्हणून आम्ही काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. आम्ही चौदा जण, काही शाळेतले, काही नोकरीतले, महिन्याला पाचशे काढतो. वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. पहिल्या वर्षी आम्ही शहाण्यासारखी चूक केली, पुरुष मंडळींची कमिटी, त्यांनी नालाबांध सुचवला, बांधला, पाणी कोणाच्या विहिरीला उतरलं ते वर लिहिलंच आहे तसंच. आण्णा वेगळा, गोष्ट तीच.

दुसऱ्या वर्षी एकच अट ठेवली. जी पाणी आणते तीच ठरवणार. अर्ज नाही, फॉर्म नाही. वस्तीवरच्या एका ओट्यावर बसलो, अकरा बायका, मी आणि एक इंजिनियर मित्र. मित्राने सोलर पंपाचं कोटेशन आणलं होतं, पंप, टाकी, दारात नळ, एकदम मस्त योजना. आक्का म्हणाल्या (त्यांना सगळे आक्काच म्हणतात, साठीच्या आहेत), "मोटर नगं."

का?

"मोटर बसवली की कोनतरी रातचं पाइप जोडून मळ्यात पानी नेतंय. दोरानं वडायचं म्हटलं की कोन ऊस भिजवत न्हाय."

मित्र गप्प. त्याच्या लॅपटॉपमध्ये या प्रॉब्लेमला स्लाईड नव्हती.

त्यांना हवा होता गावठाणातला जुना आड. वीसेक वर्षं बुजलेला, त्यात चपला, गणपतीची मखरं, काय काय. तोच का, तर "तो कुनाच्या सातबाऱ्यावर न्हाय." मी सात वर्षं पाण्याची प्रपोजलं लिहिली, हे वाक्य मला एकदाही सुचलं नव्हतं. गाळ काढला, निम्मं काम त्यांनी आणि घरच्या पोरांनी केलं, उरलेल्याला क्रेन लावली. कठडा बांधला, चार बाजूंना चार कप्प्या, जनावरांना एक हौद. बासष्ट हजारात झालं.

पण खरी बैठक नंतरची. फेब्रुवारी लागला की आड खाली जाणार, मग वाटप कसं? कोणीतरी म्हणालं घरटी सहा हंडे. लगेच भांडण, एका घरात दोन म्हातारी माणसं आणि एका घरात नऊ तोंडं, सहा हंडे कसे चालतील? शेवटी ठरलं खाणाऱ्या तोंडाप्रमाणे, माणशी दोन हंडे. यातल्या कोणीही साळुंखेंचं नाव ऐकलेलं नव्हतं. मग बाळंतपणाला माहेरी आलेली लेक धरायची का, यावर तासभर वाद. एकजण म्हणाली तिच्या सासरचं पाणी तिकडं वाचतंय की, इथं कशाला. दुसरीने तिला असं झापलं! धरायची, आणि वर एक हंडा जास्त, असं ठरलं. दोन शेरडांना एक कळशी. म्हशींना नाही, म्हशीवाले टँकर आणू शकतात. हे सगळं बचत गटाच्या वहीत मागच्या पानावर पेन्सिलने लिहिलंय, पेन्सिलने का तर "बदलावं लागंल".

सगळं गोड आहे असं समजू नका. एका वर्षी दोर तुटला आणि आठ दिवस कोणी वर्गणी दिली नाही. एक बाई चोरून रात्री पाणी काढताना सापडली, ती बायकांच्या कमिटीतलीच निघाली. आणि ज्या वस्तीला गावठाण लांब पडतं, तिथल्या चार घरांना या आडाचा काहीच उपयोग नाही, त्यांचा प्रश्न आहे तसाच आहे, आमचे पैसे तिथवर पुरत नाहीत.

सीएसआरवाल्याला मी एवढंच सांगितलं, बंधाऱ्याचं डिझाईन नंतर माग, आधी वाटपाचा कागद माग, आणि तो कोणी लिहिलाय ते बघ. तो म्हणाला असं आमच्या टेम्प्लेटमध्ये बसत नाही गं.

यावर्षी नवीन भांडण आलंय. रस्त्याकडेला ऊसतोडीवरून परतलेली तीन कुटुंबं राहायला आलीत, पालं टाकून. वर्षातले सहा महिने इथे नसतात, गाळ काढताना नव्हती, वर्गणी दिलेली नाही. त्यांची तोंडं मोजायची का नाही? माझं मत मोजायचीच, यात विचारायचं काय. तसं मी आक्कांना फोनवर बोलले पण, आणि म्हटलं रविवारी बैठकीला येते मी.

आक्का म्हणाल्या, "तुमी नगा येऊ ताई. तुमी आला की समद्या गप बसत्यात आन तुमच्या तोंडाकडं बगत्यात."