पाढ्यांच्या आधी टप्प्यांनी मोजणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार गुरुजी,

पहिली-दुसरीच्या मुलांना आधी दोन-दोन, पाच-पाच, दहा-दहाच्या टप्प्यांनी मोजायला शिकवावं आणि पाढे त्यानंतर घ्यावेत, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हे सगळे नवे चोचले आहेत. तुमच्या वडिलांच्या पिढीने पावकी-निमकीपासून औटकीपर्यंत (पाव, अर्धा ते साडेतीन अशा अपूर्णांकांचे पाढे) सगळं घोकलं आणि त्यांचा हिशेब कधी चुकला नाही. उलट तिसरीतला तुमचा नातू ‘सात सक?’ विचारलं की बोटांवर सात, चौदा, एकवीस करत बसतो.

नातवाविषयी शेवटी लिहिते. आधी घोकण्याविषयी.

पाढे पाठ हवेतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भागाकार करताना ज्याला सात सक बेचाळीस तोंडावर नाही, त्याचा सगळा जीव तेवढ्यातच जातो आणि भागाकार शिकायचा राहतो. आपला मतभेद आहे तो आधी काय आणि नंतर काय एवढ्यापुरता.

आणि तिथे तुमच्या वडिलांचं उदाहरण मला माझ्या बाजूचं वाटतं. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, तोवर रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते. चवली दोन आण्यांची, पावली चारांची, अधेली आठांची. वाण्याकडे पाठवलेलं पोर पावल्या मांडून चार, आठ, बारा, सोळा असा रुपया पुरा करायचं. वजनं पावशेर, अच्छेर, शेर अशी, आणि चाळीस शेरांचा मण. शाळेत पावकी घोकायला बसेपर्यंत पाव म्हणजे काय हे त्याच्या हाताला माहीत असायचं. आज घरात पैसे फोनवरून दिले जातात, मुलाच्या हाती सुटी नाणी क्वचितच पडतात. बाजारात आपोआप होणारं हे मोजणं आता वर्गात मुद्दाम करून घ्यावं लागतं. मी चिंचोके, मणीमाळ आणि काड्यांचे गठ्ठे घेऊन बसते ते त्यासाठी.

एक प्रसंग सांगते. दुसरीतल्या एका मुलीला बेचा पाढा खणखणीत यायचा. वर्गाबाहेरच्या चपला दोन-दोनने मोजायला सांगितल्या, तर ती ‘दोन, चार, सहा, आठ’ म्हणत गेली, पण प्रत्येक आकड्याला एकाच चपलेवर बोट ठेवत. दहा चपलांच्या वीस झाल्या, आणि तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. चपला जोडी-जोडीने लावल्या, एका जोडीला एकच आकडा म्हणायचा असं ठरवलं, तेव्हा दहा आल्या. मग विचारलं, ‘जोड्या किती?’ यावर ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

गुणाकाराचं मर्म मला इथे दिसतं. मुलाला दोन मोजण्या एकदम सांभाळायच्या असतात: आतापर्यंत किती झाले आणि हा कितवा टप्पा. ‘बे चोक आठ’ या ओळीत दोन्ही आहेत, पण ज्याने चार जोड्या कधी हाताळल्या नाहीत त्याच्यासाठी ‘चोक’ हा नुसता नाद उरतो. असं मूल पाढा धडाधडा म्हणतं आणि ‘एका पाकिटात सहा पेन्सिली, तर चार पाकिटांत किती?’ म्हटलं की सहा आणि चारची बेरीज करून मोकळं होतं.

तुमचा एक आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो. टप्प्यांचं गाणं करून टाळ्या वाजवत ‘पाच, दहा, पंधरा’ म्हणायला लावणं हीसुद्धा घोकंपट्टीच, आणि तीही पाढ्यापेक्षा कमी उपयोगाची, कारण त्यात कितवा टप्पा हे कुठेच येत नाही. म्हणून मी मुलांना मधूनच सुरुवात करायला सांगते: बारापासून तीन-तीनने पुढे जा, आता तिथून मागे ये. गाणं पाठ असलेलं मूल इथे अडतं, समजलेलं अडत नाही. आकडे फळ्यावरही लिहून घेते. चारचे टप्पे लिहिले की एकक स्थानी ४, ८, २, ६, ० पुन्हा पुन्हा येताना दिसतात. सातच्या टप्प्यांत एकोणपन्नास ऐकून पुष्कळ मुलं ५९ लिहितात, ती चूकही लिहिल्याशिवाय सापडत नाही.

आता नातू. तो बोटांवर मोजतो याचा अर्थ त्याला गुणाकार समजला आहे, फक्त तो दर वेळी घरापासून निघतो. त्याला मधले थांबे द्या. कोणत्याही संख्येची दुप्पट, पाचपट आणि दहापट आधी पक्की करून घ्या. दुपटीची दुप्पट केली की चौपट मिळतेच. मग सात सक विचारलं की सात पंचे पस्तीस, त्यात एक सात, बेचाळीस. सात नव्वे हवं असेल तर दहापट सत्तर, त्यातून एक सात कमी, त्रेसष्ट. चिंचोक्यांच्या सात-सातच्या सहा ओळी मांडून कागद आडवा फिरवा, म्हणजे सहा सत्ते वेगळं पाठ करायला नको हे त्याचं त्यालाच दिसेल. हे जमू लागलं की तुमच्या पद्धतीने रोज संध्याकाळी पाढे म्हणून घ्या, आणि क्रमाने म्हणून झाले की उलटसुलट विचारा. ज्या पाढ्यात तो जास्त अडखळतो, तो सर्वांत शेवटी घ्या.