रिपोर्ट नॉर्मल, म्हणून दुखणं खोटं?

‘फायब्रोमायल्जिया: खरा की खोटा, घरच्या घरी ओळखा’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. फायब्रोमायल्जिया म्हणजे महिनोन्महिने अंगभर दुखत राहण्याचा आजार; जोडीला थकवा आणि झोपूनही ताजंतवानं न वाटणं. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला, तोही थेट वहिनीला उद्देशून: ‘वाच, तुला काहीही झालेलं नाही.’ वहिनीने अंगठा टाकला आणि विषय सोडला. मला सोडवेना.

‘अंगावरचे 18 बिंदू दाबा. 11 दुखले नाहीत तर आजार नाही.’ हा निकष 1990 चा. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने तो दिला होता आणि 2010 च्या निकषांत बिंदू दाबून मोजणं काढूनही टाकलं. 2016 मध्ये त्यात आणखी सुधारणा झाली. आता डॉक्टर विचारतात ते असं: गेल्या आठवड्यात शरीराच्या 19 ठिकाणांपैकी कुठेकुठे दुखलं? थकवा किती? झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का? लक्ष लागतं का, आठवतं का? शिवाय डोकेदुखी, ओटीपोटात कळा, नैराश्य. दुखणं अंगभर पसरलेलं हवं आणि त्रास किमान 3 महिन्यांचा हवा. मेसेजमध्ये झोप आणि थकव्याचा उल्लेखच नाही! वहिनीचं अर्धं दुखणं तर तिथेच आहे. आठ तास झोपूनही ती रात्रभर ओझी वाहिल्यासारखी उठते, आणि बोलताबोलता रोजच्या वापरातला साधा शब्द तिला सापडत नाही.

‘सगळे रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ.’ खरी चीड आली ती इथे. फायब्रोमायल्जिया नक्की आहे असं सांगणारी रक्ततपासणी किंवा एक्स-रे नाहीच. हिमोग्लोबिन, थायरॉइड, शरीरातला दाह दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी या तपासण्या करतात ते अशीच लक्षणं देणारं दुसरं काही आहे का हे पाहायला. त्या नॉर्मल आल्या तर फायब्रोमायल्जियाची शक्यता कमी होत नाही. बिघाड स्नायूत किंवा हाडात दिसत नाही, कारण वेदनेचा आवाज मज्जासंस्थेतच वाढलेला असतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर दाब देऊन मेंदूचं एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कुठला भाग जागा होतो हे दाखवणारं स्कॅन, केलं. ज्या दाबाने रुग्ण कळवळले, तेवढ्याच दाबाचं निरोगी लोकांना फारसं काही वाटलं नाही. त्यांना तितकंच दुखायला बराच जास्त दाब द्यावा लागला, आणि तेव्हा मेंदूतले बरेचसे तेच भाग जागे झाले. आता सांगा, मेंदूच्या चित्रात नाटक कसं करायचं? वहिनीला पर्सचा पट्टा खांद्यावर सहन होत नाही. ‘पर्समध्ये असतं काय एवढं’ हे ऐकून ऐकून तिने सांगणंच बंद केलंय.

ताणाने हे दुखणं वाढतं, एवढं त्या मेसेजचं खरं. अनेकांना जोडीला नैराश्यही असतं. पण ताणाने दमासुद्धा वाढतो. दमेकऱ्याला कुणी ‘श्वास घे नीट, नाटकं नकोत’ म्हणतं का?

‘सांधे सुजून लाल झाले की समजा फायब्रोमायल्जियाच.’ नेमकं उलटं! या आजारात सांधे सुजत नाहीत, वाकडेही होत नाहीत. सूज असेल तर संधिवाताची शंका घ्यायची आणि डॉक्टरांकडे जायचं; ऱ्हुमॅटॉइड या प्रकारच्या संधिवातात उपचाराला उशीर झाला तर सांधे कायमचे खराब होतात. दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, म्हणूनही नवीन सूज ‘त्याचंच असेल’ म्हणून सोडू नये. ताप, कारण नसताना घटणारं वजन, यांचंही तेच.

‘फक्त बायकांना होतो.’ बायकांमध्ये जास्त आढळतो. पुरुषांना होतो, मुलांनाही होतो. पुढे.

‘पूर्ण विश्रांती घ्या, व्यायाम विषासमान.’ युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या, म्हणजे युलारच्या, 2017 च्या शिफारशींमध्ये ‘ठाम शिफारस’ एकाच उपायाची आहे: व्यायाम. औषधांचा नंबर त्याच्यामागे. अर्थात ‘उठ, पळ’ असं नव्हे. पहिल्याच दिवशी जोर लावला तर पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, आणि मग घरचे म्हणायला मोकळे की बघा, व्यायाम सोसत नाही. सुरुवात पाच-दहा मिनिटं सावकाश चालण्याने करावी. दुखणं वाढलं तर वेळ कमी करायची, चालणं बंद करायचं नाही. जमायला लागलं की आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडं थोडं वाढवत न्यायचं.