‘घाबरवण्याचा धंदा’ या प्रतिक्रियेला उत्तर

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घरगुती औषधं घेण्याच्या धोक्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही लिहिलंत, ‘डॉक्टर नसताना लोकांना घाबरवण्याचा धंदा बंद करा.’ मतभेद मी समजू शकते, पण ‘धंदा’ कशासाठी? या लिखाणाचा मला एक पैसा मिळत नाही. मी डॉक्टर नाही हे लेखाच्या सुरुवातीलाच आहे. तेवढं तरी वाचायचं होतं.

एक मान्य. भाजीतल्या लसणाने किंवा चिमूटभर हळदीने कुणी धास्तावू नये, हे लेखात आणखी ठळकपणे यायला हवं होतं. माझा आक्षेप अर्काच्या कॅप्सूलना आणि रोज नेमाने घेतल्या जाणाऱ्या काढ्यांना आहे.

आता तुमचं ते वाक्य: ‘नैसर्गिक आहे, त्याने अपाय कसा होईल? माझे काका लसणाच्या कॅप्सूल घेतात, आयएनआर कायम दोन ते तीनमध्ये.’ (आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा तपासणीतला आकडा.) रक्त पातळ करणारं वॉरफरिन हे औषध कुठून आलं, माहीत आहे? १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली. त्या चाऱ्यातलं रक्त गोठू न देणारं द्रव्य जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या प्रयोगशाळेत हाती लागलं. त्याच कुळातलं वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मंजूर झालं. तो चाराही नैसर्गिकच होता.

आणि आयएनआर. तो रक्त गोठवणाऱ्या घटकांचं काम मोजतो. लसूण किंवा गिंको या झाडाच्या पानांचा अर्क प्रामुख्याने प्लेटलेटवर, म्हणजे जखमेवर एकत्र चिकटून रक्त थांबवणाऱ्या पेशींवर, परिणाम करतो, तो परिणाम या आकड्यात दिसत नाही. म्हणजे आकडा उत्तम आणि रक्तस्रावाचा धोका मात्र वाढलेला, असं होऊ शकतं. सेंट जॉन्स वर्ट या वनौषधीचं तर उलटंच: तिच्यामुळे यकृत वॉरफरिनचा निचरा लवकर करू लागतं आणि गुठळीचा धोका वाढतो.

माझ्या वडिलांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. वहीत तारीख, आयएनआर, गोळीचा डोस, सगळं त्यांच्या अक्षरात. आकडा हद्दीत, तरी दाढी करताना कापलं की रक्त थांबेना, दंडावर काळेनिळे डाग. कुणीतरी ‘हृदयाला चांगल्या’ म्हणून दिलेल्या लसणाच्या कॅप्सूल ते घेत होते. ‘ते काय औषध आहे?’ म्हणून डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी त्या बंद केल्या आणि डाग उठायचे थांबले. एका माणसाचा अनुभव, असं म्हणाल. तुमचे काकाही एकच आहेत.

‘औषध कंपन्यांची भाषा’ वगैरेला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही. बाकीच्या वाचकांना मात्र सांगते, हे वाचून रक्त पातळ करणारी गोळी कुणीही परस्पर बंद करू नका. आणि तुम्ही पुन्हा लिहाल तेव्हा एवढंच सांगा, काकांच्या डॉक्टरांना त्या कॅप्सूलबद्दल माहीत आहे का? तुमच्या एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत त्याबद्दल एक शब्द नाही.