३ रिश्टरचा धक्का ६ च्या निम्मा नसतो, जरा खुलासा

कोयनेत धक्का बसला की पाटण-कऱ्हाडकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोच, की ३ रिश्टर म्हणजे ६ च्या भूकंपाचा निम्मा जोर, आणि ३ चे दोन धक्के बसले की झाला ६ चा एक. हे साफ चुकीचंय, आणि दहावीची पोरं समप्रमाणाचं उदाहरण म्हणून तेच पुढं ढकलतायत म्हणून लिहितोय.

समप्रमाण म्हणजे दोन राशींचा भागाकार कायम तोच राहायला पाहिजे, १ किलो हळदीला जो दर तोच १० किलोला. रिश्टरचं तसं नाही, तो लॉगचा आकडा आहे, म्हणजे १० चा कितवा घात घेतला की मूळ आकडा येतो ते सांगणारा. १००० चा लॉग ३ आणि १०,००,००० चा लॉग ६, म्हणजे लॉग दुप्पट झाला पण मूळ आकडा १००० पट झाला की राव! तसंच ३ पेक्षा ६ मध्ये जमिनीचं हलणं १००० पट, आणि ऊर्जा तर जवळपास ३२,००० पट, कारण एका अंकाला ऊर्जा साधारण ३२ पट वाढते.

बेरीजही तशी होत नाही. लॉगची बेरीज म्हणजे आतल्या आकड्यांचा गुणाकार. ३ च्या दोन धक्क्यांची ऊर्जा एकत्र केली तरी जेमतेम ३.२ भरतंय. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ६ च्या वरचा होता, त्याला ३ च्या धक्क्याच्या दुप्पट म्हणणं म्हणजे कायच्या काय.

आणि हो, १ चा लॉग ० असतो, त्यामुळं ० रिश्टर म्हणजे धक्काच नाही असं पण नसतंय, त्याहून बारके धक्के उणे आकड्यात मोजतात.