‘रात्रीचा तळ’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहिलं नाही, कारण आधी पुस्तकं पुन्हा काढून बघायची होती. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या लेखात मी जपानी लेखक यासुनारी कावाबातांच्या ‘युकिगुनी’ (बर्फाचा मुलूख) या कादंबरीची सुरुवात वाखाणली होती. साइडेनस्टिकरच्या इंग्रजी अनुवादावरून लिहिलं होतं, की रात्रीच्या आकाशाखाली जमीन पांढरी पसरली होती, या साध्या वाक्यात कावाबातांचा सगळा संयम दिसतो. तुम्ही जपानी शिकलेल्या. तुम्ही दाखवून दिलंत, की मुळात तिथे आकाशही नाही आणि जमीनही नाही. मूळ वाक्य आहे ‘योरु नो सोको गा शिरोकु नात्ता’, म्हणजे रात्रीचा तळ पांढरा झाला. पुढे तुम्ही लिहिलंत, ‘तुम्ही कावाबाता वाचलेच नाहीत, साइडेनस्टिकर वाचलात. दुधाची तहान ताकावर भागवा, पण ताक दूध म्हणून आम्हाला वाढू नका. जपानी येत नसेल तर जपानी साहित्यावर लिहू नये.’

वाक्याबद्दल तुमचं म्हणणं पूर्ण बरोबर आहे. मी संयमाचं कौतुक करत होतो तो अनुवादकाचा होता. कावाबातांनी तिथे धाडस केलंय. रात्रीला त्यांनी विहिरीसारखा तळ दिलाय. लेखात दुरुस्ती केली आहे आणि ती तुमच्यामुळे झाली, हेही लिहिलं आहे.

शेवटचं वाक्य मात्र मला मान्य नाही. का, ते त्याच पानावरून सांगतो.

‘रात्रीचा तळ’च्या आधीचं, कादंबरीचं पहिलं वाक्य घ्या, बोगद्याचं. जपानी शिकणाऱ्या बहुतेकांना ते पाठ असतं, तुम्हालाही असेल. एडवर्ड साइडेनस्टिकरच्या 1956च्या अनुवादात त्या वाक्याची सुरुवातच आगगाडीने होते. गाडी बोगद्यातून बाहेर पडते आणि बर्फाच्या प्रदेशात येते. मुळात त्या वाक्यात गाडी नाही. कोण बाहेर पडलं, तेही नाही. इंग्रजीला कर्ता लागतो, म्हणून तिथे गाडी आणावी लागली. ती आली आणि वाचक डब्यातून खाली उतरला. तो आता लांब डोंगरावर उभा राहून गाडी येताना बघतो. आता हेच मराठीत म्हणून बघा : ‘सरहद्दीवरचा लांब बोगदा ओलांडताच बर्फाचा मुलूख होता.’ कर्ता नाही, तरी काही अडत नाही. आपण डब्यातच बसलेले असतो, खिडकीपाशी.

‘सरहद्द’ हा शब्दही साइडेनस्टिकरने गाळला. ती दोन देशांमधली सरहद्द नाही, जुन्या कोझुके आणि एचिगो या प्रांतांमधली आहे. 1931 साली सुरू झालेला शिमिझू बोगदा त्या डोंगरांखालून जातो आणि पलीकडे युझावा लागतं. तिथल्याच एका सराईत राहून कावाबातांनी कादंबरीचा बराच भाग लिहिला. शीर्षकातल्या ‘गुनी’ला, म्हणजे ‘कुनी’ला, इंग्रजीत ‘कंट्री’ म्हटलं, की देश आणि गाव यांच्यामध्ये कुठेतरी लोंबकळायला होतं. आपल्याकडे ‘मुलूख’ तयार आहे.

हे मला जपानी येतं म्हणून दिसलं नाही. लेख लिहिताना दिसलंही नव्हतं. तुमची प्रतिक्रिया वाचून शब्दकोश घेऊन बसलो, तेव्हा दिसलं. पण दिसू शकलं ते मराठीमुळे. क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागे, कर्ता वाटेल तेव्हा गाळायची मुभा, समोरच्याचा मान बघून बदलणारं बोलणं, हे सगळं आपल्या भाषेत आहे. इंग्रजीतून जपानी वाचणारा मराठी वाचक कोऱ्या पाटीचा नसतो. इंग्रजी वाक्य अवघडून उभं आहे असं वाटलं, तर आपण नकळत ते मराठीत बसवून बघतो, आणि पुष्कळदा ते मूळ जागेच्या जवळ जाऊन बसतं.

नात्सुमे सोसेकींच्या कादंबरीतल्या मांजराचंच बघा. 1905 साली ते मांजर स्वतःची ओळख ‘वागाहाई’ अशी करून देतं. हा बड्या, रुबाबदार माणसाने स्वतःसाठी वापरायचा शब्द आहे. इंग्रजीत ‘आय’ एकच, त्यामुळे ‘आय ॲम अ कॅट’ या शीर्षकातला सगळा तोरा गेला. मराठीत ‘आम्ही मांजर आहोत’ म्हटलं की काम झालं. त्या बिननावाच्या मांजराची ऐट पहिल्या शब्दातच ऐकू येते.

आता ‘साइडेनस्टिकर वाचलात’ याबद्दल. हो, वाचला, आणि त्याची मला लाज वाटत नाही. 1968 साली कावाबातांना नोबेल मिळालं. स्टॉकहोममध्ये ते जपानीत बोलले, आणि त्या भाषणाचा इंग्रजी अनुवाद साइडेनस्टिकरचाच होता. जगापर्यंत आपण कोणाच्या हाताने पोचलो, हे कावाबातांना नीट माहीत होतं. चूक अनुवाद वाचण्यात नव्हती. वाचताना मी अनुवादकाला विसरलो, ती चूक होती. लेखक आणि अनुवादक यांना वेगळं ओळखायचं, तर एकाच पुस्तकाचे दोन अनुवाद शेजारी ठेवावे लागतात. मुरासाकी शिकिबू या लेखिकेच्या ‘गेंजी’ या जुन्या कादंबरीचे मी तसे ठेवले. आर्थर वेली कधी जपानला गेलाच नाही, ब्रिटिश म्युझियममध्ये काम करता करता स्वतःच भाषा शिकला. 1925 ते 1933 या काळात त्याने 54 प्रकरणांचा तो ग्रंथ इंग्रजीत आणला, पण अडतिसावं प्रकरण गाळून टाकलं. रॉयल टायलरचा 2001चा अनुवाद हातात आला तेव्हा ते मला पहिल्यांदा दिसलं. रातकिड्यांचं नाव असलेलं ते छोटंसं प्रकरण मी त्या दिवशी दोनदा वाचलं.

आणि ताई, ‘गेंजी’ आज जपानी वाचक तरी कुठे मुळातून वाचतात? हजार वर्षांपूर्वीची भाषा त्यांनाही झेपत नाही. कवयित्री योसानो अकिको यांनी ती आधुनिक जपानीत आणली, कादंबरीकार तानिझाकींनी तर तीन वेळा. आपल्याकडे ‘ज्ञानेश्वरी’ सार्थ आवृत्तीवरून वाचतात, तशातलंच ते. सार्थ वाचणाऱ्याला ‘ज्ञानेश्वरीवर बोलू नकोस’ असं आपण म्हणत नाही.

एका बाबतीत मात्र मी पुरता तुमच्या बाजूने आहे. इंग्रजीवरून मराठीत केलेला जपानी पुस्तकाचा अनुवाद म्हणजे इंग्रजीत जे हरवलं ते कायमचं हरवणं. 2000 साली जर्मनीत जपानी लेखक हारुकी मुराकामींच्या एका कादंबरीवर टीव्हीवर कडाक्याचं भांडण झालं, आणि ज्या भाषेवरून भांडण होतं ती मुळात इंग्रजीवरून केलेल्या अनुवादाची होती. पुढे ती कादंबरी थेट जपानीवरून पुन्हा जर्मनमध्ये आणावी लागली. आपण तिथून सुरुवात का करायची? पुण्यात वर्षानुवर्षं किती मुलं जपानी शिकताहेत, परीक्षा देताहेत. त्यातली बरीचशी कंपन्यांची कागदपत्रं आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका भाषांतरित करतात. त्यातल्या थोड्यांनी जरी एकेक कथा हातात घेतली, तरी माझ्यासारख्याला इंग्रजीच्या दारातून आत जावं लागणार नाही.

मला सगळ्यात आधी कोणतं पुस्तक हवंय, तेही सांगतो. तानिझाकींची कादंबरी, ‘सासामेयुकी’. युद्धकाळात, 1943 साली, त्याचं मासिकातलं प्रकाशन लष्कराच्या दबावामुळे थांबवावं लागलं होतं. ओसाकाच्या एका उतरती कळा लागलेल्या व्यापारी घराण्यातल्या चार बहिणी, आणि तिसरीचं, युकिकोचं, जमता जमत नसलेलं लग्न. स्थळ येतं, मध्यस्थ येतात, गुपचूप चौकशा होतात, वयाचा हिशेब होतो, डोळ्याजवळच्या डागावरून कुजबुज होते, बघण्याचा कार्यक्रम होतो आणि शेवटी नकार. मी ते इंग्रजीत वाचत होतो, पण कानात सगळा वेळ माझ्या आत्याचं घर होतं. तिच्या दोन नंबरच्या मुलीला बघायला येणार म्हणून बशा पुसून ठेवलेल्या असायच्या, आणि पाहुणे गेल्यावर त्या बशांबद्दल कोणी काही बोलायचं नाही. इंग्रजीत त्या बहिणी बहुतेक वेळा एकमेकींना नावाने हाका मारतात. मुळात मधल्या बहिणीला धाकट्या ‘मधली ताई’ अशा अर्थाच्या शब्दाने हाक मारतात, आणि सगळ्यात धाकटीसाठी ओसाकाच्या घरांमधला खास शब्द आहे, ‘कोइसान’. याही पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद साइडेनस्टिकरचाच. त्याने तो शब्द तसाच ठेवला, कारण इंग्रजीत त्याला जागा नव्हती.

कादंबरी सुरू होते ती याच हाकेने. मधली बहीण साचिको आरशासमोर बसली आहे. मागे धाकटी आलेली तिला आरशात दिसते. मागे न वळता ती पावडरचा ब्रश तिच्या हातात देते आणि पाठीला पावडर लावून दे म्हणते. एवढंच. तुमच्याकडे मूळ पुस्तक असेल तर तेवढं पहिलं पान मराठीत करून पाठवाल का? तुमच्या नावाने इथे छापतो. ‘कोइसान’ला तुम्ही काय म्हणाल, याची मला फार उत्सुकता आहे. मी ‘छोटी’, ‘बेबी’, ‘धाकू’ सगळं म्हणून बघितलं. आमच्या आत्याकडे शेवटच्या मुलीला ‘बाय’ म्हणायचे. आत्ता तरी मी तिथे थांबलोय.